जबड्यावरून फिरणारं बोट

पत्र : मी मिरजेची. मुलगा 17 वर्षांचा, बारावी सायन्सला आहे. गेल्या सात-आठ महिन्यांत घरात बोलणं जवळजवळ बंद केलंय. काही विचारलं की ओठांवर बोट ठेवतो, मग तेच बोट कानाखालून हनुवटीपर्यंत फिरवतो आणि निघून जातो. मला ते 'तोंड बंद ठेव' असंच वाटतं. पुण्याहून त्याच्या मामाने तीनदा फोन केला, उचलला नाही, नंतर 'काय झालं' एवढा मेसेज टाकला. दिवसभर कसलंतरी कडक च्युइंगम चघळतो, आता जेवताना जबडा कटकन वाजतो आणि कानाजवळ दुखतं म्हणतो. बाथरूममध्ये आरशासमोर अर्धा-अर्धा तास उभा असतो. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात एकाही फोटोत उभा राहिला नाही. वजन 56 किलो आहे. जिममधल्या ट्रेनरने साडेतीन हजारांचा प्रोटीनचा डबा सांगितलाय. हे गमतीने त्याला काडीपैलवान म्हणतात, तेवढ्यावरून परवा ताट सोडून उठला. 'फोनच काढून घेतो' असं यांचं चाललंय. काढून घ्यावा का?

उत्तर :

ताई, फोन काढून घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. बारावीचा अर्धा अभ्यास, क्लासच्या नोट्स आणि मित्र असं सगळंच त्यात आहे. काढून घेतलात तर भांडण फोनवरून होईल आणि ज्या गोष्टीवरून व्हायला हवं ती बाजूला राहील.

आधी त्या बोटाचा अर्थ सांगतो, कारण तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे झालाय. तो तुम्हाला गप्प बसायला सांगत नाहीये. तो सांगतोय की 'मी बोलू शकत नाही, माझं म्यूइंग चाललंय'. जॉन म्यू आणि त्यांचा मुलगा माइक म्यू या ब्रिटनमधल्या दंततज्ज्ञांच्या नावावरून हा शब्द आला. ओठ मिटायचे, दात एकमेकांना हलके टेकवायचे, पूर्ण जीभ टाळूला चिकटवून दिवसभर तशीच ठेवायची, की जबडा रेखीव होतो, असा तो दावा. याला शास्त्रीय पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना स्पष्ट सांगते. माइक म्यू यांचं नाव तर 2024 मध्ये ब्रिटनच्या दंतवैद्यकीय नोंदणीतून काढून टाकण्याचा निर्णय झाला. पण रील्समध्ये हे सगळं पोचत नाही. तिथे पोचतो तो फक्त 'आधी-नंतर'चा फोटो. जीभ टाळूला म्हणजे तोंड उघडता येत नाही, आणि तोंड उघडता येत नाही म्हणून बोट. वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हाही मुलं हीच खूण करून हशा पिकवतात.

त्यात थोडी टवाळी आहेच. पण तुमच्या पत्रात आरसा, फोटो टाळणं, च्युइंगम आणि फोन न उचलणं हे सगळं एकत्र आलंय, म्हणून ही नुसती टवाळी वाटत नाही. आपल्या चेहऱ्यावर नाराज असलेला मुलगा या खुणेचा आडोसा घेतोय.

मुलींच्या बाबतीत हे चटकन ओळखलं जातं. 2021 मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात 32 टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं की स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष मुलींच्या फिल्टरकडे लागलं. मुलगा जिमला जातो, अंडी मागतो, आरशात दंड बघतो, तेव्हा घरच्यांना बरंच वाटतं. मग 'लुक्समॅक्सिंग' (काहीही करून दिसणं सुधारणं) या नावाखाली जबडा, गालाचं हाड, डोळ्यांचा कोन यांना गुण देणारे व्हिडिओ त्याच्यासमोर रोज येऊन पडताहेत, याची दखल कुणी घेत नाही.

पहिलं काम जबड्याचं, कारण ते दुखतंय. कडक च्युइंगम किंवा चावायचे रबरी गोळे यांनी चघळायचा स्नायू फुगतो, हाड बदलत नाही. उलट कानापुढच्या सांध्यावर ताण येतो, तो वाजतो, दुखतो. नुसता आवाज येत असेल आणि वेदना नसेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं, पण याला वेदना आहे. एक साधी चाचणी घरी होते : स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का बघायला सांगा. तिन्ही बसली तर तोंड पुरेसं उघडतंय. दोनच बसत असतील, किंवा तोंड मध्येच अडकत असेल, तर थांबू नका. च्युइंगम पूर्ण बंद, दोन-तीन आठवडे मऊ खाणं (भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, ऊस आणि चिक्की नको), दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट शेक. आणि दातांच्या डॉक्टरांकडे एकदा दाखवाच. त्याला हे सांगायला आई नको, डॉक्टर हवेत. 'यामुळे जबडा बिघडतोय' हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं तर तो ऐकेल, कारण जबड्याचीच तर त्याला काळजी आहे.

डॉक्टरांची वेळ मात्र त्याने स्वतः फोन करून घ्यायची. हे मुद्दाम सांगतोय. मामाचा फोन न उचलणं हा उर्मटपणा असेलच असं नाही. मेसेजमध्ये वाक्य लिहून खोडता येतं, दहा मिनिटांनी उत्तर देता येतं, नको असेल तर नुसता अंगठा पाठवता येतो. फोनवर तसं काही करता येत नाही. समोरचा गप्प झाला की आपण काय बोलायचं, फोन कसा संपवायचा, आवाज कापला तर काय, या सगळ्याची सवय आधीच्या पिढीला घरातल्या लँडलाइनवर आपोआप लागली. या मुलांना ती लागायला कारणच मिळालं नाही. तेव्हा ती शिकवावी लागते, आणि ती लवकर येते.

त्याला कागदावर चार ओळी लिहू द्या : नाव आणि वय, काय दुखतंय आणि कधीपासून, क्लास सोडून कुठली वेळ जमेल, शेवटी फी किती. कागद समोर ठेवून फोन लावायचा. तुम्ही त्या खोलीत थांबू नका, ऐकणारं कुणी असलं की जीभ आणखी जड होते. फोन झाल्यावर 'बघ, जमलं की नाही' असंही म्हणू नका, फक्त कुठली वेळ मिळाली ते विचारा. यानंतर आठवड्याला असे एक-दोन कामाचे फोन त्याच्याकडे द्या. पुस्तकवाल्याकडे पुस्तक आलं का, गाडीची सर्व्हिसिंग झाली का. मामांनाही सांगून ठेवा की थेट फोन न करता आधी 'सहा वाजता करू का' असा मेसेज टाकायचा आणि पाच मिनिटांत आटोपायचं. पहिल्याच फोनमध्ये 'बारावीचं कसं चाललंय' हा प्रश्न नको. बारावीला भाषांच्या तोंडी परीक्षा असतात, प्रॅक्टिकलला तोंडी प्रश्न असतात, त्यामुळे याचा उपयोग त्यालाही पटेल.

तुमच्याशी बोलण्याबद्दल. समोरासमोर बसवून 'काय झालंय तुला' असं विचारलंत की बोट जबड्यावर जाणारच. ज्याला स्वतःचा चेहरा नकोसा झालाय त्याला कुणी टक लावून बघणं नको असतं. स्कूटरवर मागे बसून, लसूण सोलताना, भाजी आणायला चालत जाताना बोला, जिथे दोघांची नजर तिसरीकडे असते. आणि प्रश्न त्याच्यावर नको, विषयावर हवा : 'हे म्यूइंग काय असतं रे, मला एखादा व्हिडिओ दाखव.' मग दाखवेल ते पंधरा मिनिटं बघा. बघताना 'हा किती फालतू' म्हणू नका आणि व्हिडिओतल्या पोराच्या दिसण्यावर, चांगलं किंवा वाईट, एक शब्द बोलू नका. खूण केलीच तर चिडू नका, हसूही नका, 'बरं, जेवताना सांग' म्हणून विषय सोडा. प्रतिक्रिया मिळेनाशी झाली की या खुणेतली मजा हळूहळू जाते.

'मी बरा दिसतो का' असं तो वारंवार विचारत असेल, तर एकदा साधं उत्तर द्या, दहा वेळा देऊ नका. दिलासा दिला की तासभर बरं वाटतं आणि मग पुन्हा विचारावंसं वाटतं, असं ते चक्र वाढत जातं. 'दिसण्यात काय असतं' हे तर म्हणूच नका. त्याच्या वर्गात दिसण्यावरून काय काय चालतं ते त्याला ठाऊक आहे, त्यामुळे तुम्हाला काही कळत नाही एवढाच अर्थ तो काढेल.

बोलण्यापेक्षा एक प्रयोग जास्त काम करेल. भिंतीसमोर, खिडकीचा उजेड थेट चेहऱ्यावर येईल असं उभं राहायचं. मागचा कॅमेरा घ्या, ब्युटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याला तो विकत घेतल्यापासून चालू असतो, तुमच्याही फोनमध्ये असेल, बघा. पहिला फोटो चेहऱ्यापासून 30 सेंटिमीटरवरून. दुसरा दीड मीटर मागे जाऊन, झूम न करता. मग दुसरा फोटो कापून चेहरा पहिल्याएवढा करायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. तेच नाक पहिल्यात फुगलेलं दिसेल आणि जबड्याचे कोपरे आत गेलेले.

कारण सोपं आहे. नाकाचं टोक आणि कान यांत दहा-बारा सेंटिमीटरचं अंतर असतं. कॅमेरा 30 सेंटिमीटरवर असला की या अंतराने फार मोठा फरक पडतो, दीड मीटरवर तो किरकोळ होतो. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान, आणि जबड्याचा कोपरा नाकापेक्षा बराच लांब असतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडून दाखवलं होतं : 30 सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं. म्हणजे तुमचा मुलगा रोज ज्या 'नसलेल्या' जॉलाइनवर दुःखी होतोय, तिचा एक हिस्सा त्याच्या हाताच्या लांबीमुळे आहे. सायन्सचा विद्यार्थी आहे, त्याला स्वतः मोजू द्या. तिसरा फोटो डोक्यावरच्या बल्बखाली काढला तर गालाखाली सावली पडून जबडा अचानक 'कोरलेला' दिसेल. रील्समधले अर्धे 'नंतर'चे फोटो असेच बनतात. उरलेल्यांत व्यायाम झाल्याझाल्या रक्ताने फुगलेले स्नायू, त्या दिवशी मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी, आत ओढलेलं पोट, आणि काही वेळा इंजेक्शनं असतात. शिवाय 17 व्या वर्षी मुलग्यांचा खालचा जबडा अजून वाढत असतो, त्यामुळे दोन वर्षांनंतरचा फोटो वेगळा दिसणारच, जीभ कुठेही ठेवली तरी.

आता फोन. त्याने स्वतः करायच्या या गोष्टी आहेत, तुम्ही हातात घेऊन नव्हे. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर रीसेट करायची सोय आहे, ती वापरली की रील्सची पाटी कोरी होते. पण इथेच बहुतेकांचं चुकतं. रीसेटनंतरचे पहिले काही दिवस आपण कुठे थांबतो यावरून ॲप नव्याने शिकतं. जबड्याच्या एका व्हिडिओवर राग म्हणून जरी पूर्ण वेळ थांबलं, तरी तसेच आणखी येतात. म्हणून तसा व्हिडिओ आला की त्यावर बोट दाबून धरायचं आणि 'नॉट इंटरेस्टेड' निवडायचं. त्याच सेटिंगमध्ये नको असलेले शब्द लिहून ठेवता येतात, म्यूइंग, जॉलाइन, लुक्समॅक्सिंग हे तिथे इंग्रजी आणि देवनागरी दोन्हीत टाकायचे. ज्या खात्यांमुळे आरशाकडे जावंसं वाटतं ती अनफॉलो. लाइकचे आकडे लपवायची सोय 2021 पासून आहे, तीही चालू करावी. यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास पुसून बंद ठेवला की होम पानावर सुचवणं थांबतं.

18 खालच्यांसाठीची 'टीन' खाती भारतात 2025 मध्ये सुरू झाली : खातं खासगी, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद, तासाभराने आठवण. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. खातं उघडताना त्याने जन्मवर्ष खोटं टाकलं असेल, तर यातलं काही सहसा लागू होत नाही. आणि 16 पूर्ण झालेला मुलगा ही बंधनं स्वतः सैल करू शकतो. पालकांची देखरेख जोडली तर त्यासाठीही त्याची संमती लागते, आणि त्यात तुम्हाला वेळ, तो कुणाशी बोलला असं वरवरचं दिसतं, मेसेजमधला मजकूर दिसत नाही. या वयात देखरेखीपेक्षा ठरवून घेणं बरं.

किती वेळ, असं विचाराल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 2018 मध्ये 143 विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला 10 मिनिटं एवढंच ठेवायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. म्हणजे शून्यावर यायची गरज नाही. तो सध्या दोन-तीन तास बघत असेल तर एकदम अर्ध्या तासावर आणू नका, तासावर आणा. आणि रात्री साडेदहानंतर फोन बैठकीत चार्जिंगला, तुमचे दोघांचेही. 'मग अलार्म कसा लावू' हे ठरलेलं उत्तर येईल, त्यासाठी गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

प्रोटीनचा डबा नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने 16 ते 18 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 55 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी 12, अर्धा लिटर दूध 16, दोन वाट्या घट्ट आमटी किंवा उसळ 12 ते 14, चार पोळ्या 12, मूठभर शेंगदाणे 7. झाले की 60. अंडी चालत नसतील तर 30 ग्रॅम सोयाबीन वड्या, त्यात 15 येतात. याच परिषदेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. 'मास गेनर'च्या डब्यात तर बरीचशी साखरेसारखी पिठं असतात. जिम मात्र बंद करू नका, आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास ठीक आहे. ट्रेनर गोळी किंवा इंजेक्शनचं नाव काढेल त्या दिवशी ती जिम सोडायची. या वयात स्टेरॉइडमुळे हाडांची टोकं वेळेआधी बंद होऊन उंची तिथेच थांबते, वृषण लहान होतात, छाती मुलींसारखी वाढते. हे त्याला याच शब्दांत सांगा, आडपडदा न ठेवता. वडिलांनी सांगितलं तर उत्तमच.

वडिलांचा विषय निघालाच. काडीपैलवान हा शब्द आजपासून बंद. त्यांचा हेतू वाईट नाही हे मान्य, पण तुमच्या मुलाच्या अंगावरची पहिली कॉमेंट इन्स्टाग्रामवर नाही, घरातल्या ताटावर आली. 'किती वाळलास', 'काळवंडलास', 'बापाएवढा कधी होणार' हे आपल्याकडे विचारपूस म्हणून चालतं. लहानपणी मुलगा हसून सोडतो, सोळाव्या-सतराव्या वर्षी तेच वाक्य रील्समधल्या गुणपत्रिकेशी जुळतं. तुमच्या भागात तालमी आहेत, तिथे त्यांनीच त्याला एकदा घेऊन जावं. खऱ्या पैलवानाचं पोट सपाट नसतं, कंबर जाड असते, आणि सगळे वजनदारही नसतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्य जिंकलं ते 57 किलोच्या गटात. तुमच्या मुलाचं वजन 56 आहे.

वडिलांनी ऐकलं नाही तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. माफी मागायचा मोठा कार्यक्रम नको, नुसतं म्हणणं थांबवलं तरी पुरे. दिवाळीत आत्या-काका येतील तेव्हा तुम्हीच मध्ये पडून विषय बदला.

इतकं करून दोन महिन्यांत काहीच हललं नाही, किंवा पुढचं काही दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा : आरसा आणि स्वतःचे फोटो यांत रोज तासाहून जास्त वेळ जाणं, चेहऱ्यामुळे क्लास बुडवणं, जेवण टाळणं किंवा उलट्या काढणं, गालाच्या हाडावर किंवा जबड्यावर काही आपटून घेणं (हाड जाड होतं म्हणून हेही रील्समध्ये शिकवतात), शस्त्रक्रियेचा हट्ट. चेहऱ्याच्या एखाद्या भागाचा असा ध्यास हा ओळखता येणारा आजार आहे, तो बहुतेकदा याच वयात सुरू होतो आणि समुपदेशनाने, गरज पडली तर गोळ्यांनी आटोक्यात येतो. नाक-जबड्याच्या ऑपरेशनने मात्र जात नाही, ध्यास दुसऱ्या भागावर सरकतो. 'जगून काय उपयोग' अशा अर्थाचं काही बोलला तर थांबू नका, त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि आधी तुम्ही एकट्याने बोललात तरी चालतं.